मावशींचा बुधवार

डोकं दुखतं म्हणून एखादं मूल आलं, की मावशी आधी स्वतःचे डोळे मिटायच्या.

मुलाचा हात हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोल आता." मूल बोलायचं, मावशी ऐकायच्या. मग डोळे उघडून एकतर त्याला बाकावर आडवं करायच्या, नाहीतर पाठ थोपटून वर्गात परत पाठवायच्या.

मी शाळेत नवीन होते तेव्हा मला वाटायचं, त्या मनात देवाचं काहीतरी म्हणत असतील. एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवले की आपण पोराचं तोंड बघत बसतो, टीचर. तोंड काय, कसंही करता येतं. आवाज नाही करता येत."

रत्नागिरीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग शिकवते. मावशी तिथे आम्हा सगळ्या शिक्षकांच्या आधीपासून होत्या. घंटा द्यायची, लहान मुलांना बाथरूमला न्यायचं, सांडलेले डबे पुसायचे, आणि कागदोपत्री जिला 'सिक रूम' म्हणतात ती जिन्याखालची खोली सांभाळायची. खोलीत एक जुना लांब बाक, त्यावर गोधडी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. भिंती जांभ्या दगडाच्या, त्यामुळे बाहेर कितीही उकडत असलं तरी आत गार असायचं. मला माणसांकडे बघायला आवडतं, बोलायला तितकंसं नाही. त्यामुळे मोकळ्या तासाला मी वह्या घेऊन त्या खोलीतच जाऊन बसायचे. मावशींनी कधी 'का' म्हणून विचारलं नाही.

लहान मुलांचं डोकं दुखतं यावर मोठ्यांचा पटकन विश्वास बसत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. ताप असला तर हाताला लागतो, पडलं तर रक्त दिसतं. डोक्याचं काहीच दिसत नाही. सहा वर्षांचं मूल डोकं धरून बसलं, की सगळे हसून विचारतात, "तुला रे कसलं टेन्शन?" मावशी हसायच्या नाहीत. "डोकं म्हणजे काय नारळ आहे, फोडून बघायला?" असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "तो सांगतोय ना दुखतंय, मग दुखतंय. कशाने ते आपण बघायचं."

शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचं असा नियम आहे. त्यामुळे मुलं दारात येऊन म्हणायची, "मावशी, माय हेड इज पेनिंग." मावशी म्हणायच्या, "इथे मराठीत दुखव. मला समजलं पाहिजे." आणि मराठीत सांगताना मुलं खरंच वेगळं सांगायची. 'पेनिंग'मध्ये कोंबलेलं सगळं सुटं व्हायचं. कुणाचं ठणकायचं, कुणाचं जड व्हायचं, कुणाच्या डोक्यात "आत कोणीतरी टकटक करतंय" असं असायचं. एक मुलगी म्हणाली, "माझे केस दुखतायत." मावशींनी तिची वेणी सोडली. आईने इतकी घट्ट घातली होती, की पोरीच्या भुवया वर चढल्या होत्या. वेणी सुटली आणि दुखायचं थांबलं.

तिसरीतला एक मुलगा दर आठवड्याला एका ठरावीक तासाला यायचा. मावशी डोळे मिटून त्याचं ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "कोणत्या विषयाचं दुखतंय?"

"गणिताचं," तो प्रामाणिकपणे सांगायचा.

"किती?"

"भागाकाराएवढं."

"मग दहा मिनिटं पड. गुणाकाराएवढं झालं की जा."

दहा मिनिटांनी तो उठून जायचाही. मी म्हटलं, "मावशी, तो खोटं बोलतो." तर माझ्यावरच डाफरल्या, "खोटं कुठे? भागाकाराने माझंपण दुखायचं. चौथीत शाळा सुटली ती काय उगाच?"

मूल आलं की त्या त्याची पाण्याची बाटलीही उचलून बघायच्या. नुसती उचलून, हाताला वजन कळायचं. "सकाळी भरून आणलीस, आता घरीपण भरलेलीच नेणार. बाटलीला फिरवायला आणतोस काय रे?" मग दोन पेले पाणी आपल्यासमोर प्यायला लावायच्या. दुसरीतल्या एकाला त्यांनी खिडकीत उभं करून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्याने धडाधड वाचली. मावशींनी मग शेजारच्या दुकानाची वाचायला सांगितली, ती नवी होती. पोरगा गप्प. पहिली त्याला पाठ होती. त्याची आई दुसऱ्या दिवशी रागावून आली, "आमच्या घरात कुणालाच चष्मा नाही." मावशी शांतपणे म्हणाल्या, "आता असेल." आणि लागलाच.

या सगळ्याची नोंद त्या एका कॅलेंडरवर करायच्या. कुठल्याशा पतपेढीने वाटलेलं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर त्या खोलीत टांगलेलं होतं. पूर्वी कधीतरी एका पालकाने भांडण काढलं होतं, की मुलाचं डोकं किती वेळा दुखलं ते आम्हाला कळवलंच नाही. तेव्हापासून कोणी आलं, की त्या दिवसाच्या चौकोनात खूण. नावं लिहीत नसत. "यांची नावं ही एवढी लांब, त्या चौकोनात मावायची कशी?" म्हणून प्रत्येकाला एक चित्र. वेणीवालीची वेणी, गणितवाल्याचा भागाकाराचा कंस, पाटीवाल्याचा चष्मा. हे सगळं पेनाने, हरभऱ्याएवढं.

रेवासाठी होडी होती, कारण रेवाचे बाबा बोटीवर होते.

रेवा माझ्या वर्गात होती. सहा वर्षांची, बारीक, समोरचे दोन दात पडलेले. बाबा मोठ्या मालवाहू बोटीवर, नऊ-नऊ महिने बाहेर. आई सरकारी कचेरीत नोकरीला. शाळा सुटली की रेवा पाळणाघरात जायची आणि संध्याकाळी आई तिला घरी न्यायची. जुलैपासून तिचं डोकं दुखायला लागलं. साडेअकराच्या सुमाराला तिचा चेहरा पांढरा पडायचा, खिडकीकडे पाठ करून बसायची, कधी मळमळायचं. मी तिला खोलीत पाठवायचे. मावशी तिला आडवं करून कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या. अर्धा-पाऊण तास झोपली, की रेवा उठून टुणकन उडी मारायची. शेवटच्या तासाला नाचाचा सराव असला तर सगळ्यांत पुढे.

आणि तिथेच घात झाला. "जिचं डोकं दुखतं ती नाचेल का?" आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, त्या मला विचारायच्या. आईने डोळे तपासून आणले, चांगले होते. रक्त तपासून आणलं, तेही चांगलं. सगळं चांगलं म्हटल्यावर उरलं काय, तर रेवा. लक्ष वेधून घ्यायला करते, बाबा नाहीत ना जवळ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मॅडमनी आईला बोलावून तसं सांगितलं. मी शेजारी उभी होते. मला वाटत होतं की असं नाहीये, पण वाटतं एवढ्यावर बोलावं कसं, म्हणून मी बोलले नाही. आई दमलेली होती. जाताना दारातच तिने रेवाला सांगितलं, "पुन्हा खोटं बोललीस तर बुधवारी फोनवर बाबांना सांगेन."

बुधवारी बाबांचा फोन यायचा. बोटीवर रेंज मिळेल तसा, पण शक्यतो बुधवारी. रेवाचा आठवडा त्या फोनभोवती फिरायचा.

त्यानंतर रेवाने डोकं दुखतंय म्हणणं बंद केलं. साडेअकराला ती डोकं बाकावर टेकून, दोन्ही हातांनी कान झाकून बसायला लागली. मी जवळ गेले की म्हणायची, "आय ॲम फाइन, टीचर."

मी हे मावशींना सांगितलं. त्या माठ घासत होत्या, हात थांबले.

"फाइन म्हणाली?"

"हो."

"सहा वर्षांचं पोर, दुखणं लपवतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही बोला की मॅडमशी. तुमचं ऐकतील."

"माझं कोण ऐकणार, मावशी?"

"इंग्रजीत बोला. ऐकतात."

मी नाही बोलले. चार दिवस वाट बघून मावशींनीच दुसरा मार्ग काढला. रेवाच्या आईला त्यांनी गेटवर गाठलं, आणि मुलांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा, आम्ही सगळं लिहून देतो, असं कबूल करून टाकलं. 'आम्ही' म्हणजे मी. "माझ्या होड्या डॉक्टरला काय कळणार? तुम्ही उतरून द्या कागदावर. तारीख, वेळ, सगळं."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. मावशींनी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. त्या होडी शोधायच्या, वेळ आठवून सांगायच्या, मी लिहायचे. जुलै झाला, ऑगस्ट झाला. तारखेपुढे मी सवयीने वारही लिहीत होते. सप्टेंबर अर्धा झाल्यावर माझा हात थांबला. तीन-चार होड्या इकडेतिकडे होत्या. एक खेळांच्या सरावाच्या दिवशी, उन्हातली. एक सहलीच्या दुसऱ्या दिवशी. बाकी सगळ्या एकाच ओळीत, बंदराला लागल्यासारख्या. इतर चित्रांच्या गर्दीत ते दिसलं नव्हतं.

"मावशी, हे बहुतेक सोमवार आहेत."

"सोमवारी काय असतं तुमच्याकडे? परीक्षा?"

"नाही. काहीच नसतं."

मावशी त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी काय केलं गो हे?"

तोपर्यंत त्या मला कधी 'गो' म्हणाल्या नव्हत्या.

मावशी दर सोमवारी उपास करायच्या हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. सकाळपासून नुसता चहा, संध्याकाळी जेवून सोडायचा. त्यांचा मुलगा खलाशी आहे. पहिल्या वर्षी तो मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या एका लाँचवर होता. वारं सुटलं, बाकीच्या लाँच परत आल्या, त्याची आली नाही. "मी मुद्दाम नव्हता केला उपास," त्या सांगायच्या. "घशाखाली घास उतरतच नव्हता. तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी आला पोरगा. मग म्हटलं, देवाला सोमवार आवडला असेल." तेव्हापासून वीस वर्षं एकही सोमवार त्यांनी चुकवला नव्हता.

बाकावर पडलेली मुलं त्यांना गोष्ट सांगा म्हणायची. मावशींना येत होती ती हीच एक गोष्ट.

रेवाने ती जूनमध्ये ऐकली होती, गुडघा फुटला म्हणून खोलीत आली होती तेव्हा. मावशींना आता एकेक आठवायला लागलं. तिने विचारलं होतं, उपास केला की बोट परत येते का. मावशी म्हणाल्या होत्या, येते तर. उपासाला दूध चालतं का? चालतं. आणि कधी सोडायचा? संध्याकाळी. "मग पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाली, माझापण सोमवार. मला वाटलं, पोर आहे, बोलतंय. मी म्हटलं, शहाणी गो माझी बाय." मावशींनी कॅलेंडर उलटं करून ठेवलं.

माझं त्याहून वाईट होतं. माझ्या वर्गात एक तक्ता आहे. चांगलं वागलं, की नावापुढे चांदणी. रेवा दर सोमवारी आपला डबा शेजारच्यांना वाटून टाकायची, अगदी सगळा. मी वर्गासमोर तिचं कौतुक केलं होतं, 'शेअरिंग'च्या चांदण्या दिल्या होत्या. तक्त्यावर सगळ्यांत जास्त चांदण्या तिच्या होत्या. ते मी मावशींना सांगितलं.

डॉक्टरांकडे रेवा, तिची आई, मावशी आणि मी, चौघी गेलो. मी कागद पुढे केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. मला वाटतं, नोकरी लागल्यापासून एका दमात इतकं मी पहिल्यांदाच बोलले असेन. डॉक्टरांनी रेवाला चालायला लावलं, डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, मान वळवून बघितली. मग आईला विचारलं, "तुमचं दुखतं का कधी?"

"मला अर्धशिशी आहे," आई म्हणाली. "पण ती मोठ्यांना होते ना?"

"लहानांनाही होते. लहानांची झोपलं की लवकर जाते, म्हणून कोणाला खरी वाटत नाही." उपाशी राहणं, कमी झोप, ऊन, पाणी न पिणं, यांतलं काहीही अर्धशिशीला जागं करतं, असं त्यांनी समजावलं. वेळेवर खाणं, वेळेवर झोप. खुणा चालू ठेवा म्हणाले. आणि डोकेदुखीने पहाटे जाग येऊन उलटी झाली, चालताना तोल गेला, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर त्याच दिवशी घेऊन या.

बाहेर आल्यावर आई पायरीवर बसली. "मी तिला खोटारडी म्हटलं," एवढंच म्हणाली.

मावशी म्हणाल्या, "म्हटलंत ते म्हटलंत. मी तर उपाशी ठेवलीय. उठा आता, पोरीला भूक लागली असेल."

आता सगळं सोपं होतं, असं मला वाटलं. रेवाला सांगायचं, उपास करू नकोस. आईने सांगितलं. बुधवारी फोनवर बाबांनीही सांगितलं. रेवा 'हो' म्हणाली. आणि सोमवारी डबा उघडून शेजारच्या मुलापुढे सरकवला. मी जवळ गेल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिच्या बाबांची बोट अडवायला आले होते. मी तिला समजावू शकले असते, की बोटी इंजिनावर चालतात. तिला ते पटलंही असतं. पण मग बाबांसाठी करण्यासारखं तिच्याकडे काय उरलं असतं?

मी तिला डब्यासकट खोलीत नेलं. मावशी बाकावर बसल्या. रेवाला शेजारी बसवलं.

"हे बघ बाय, लहानांचा सोमवार मोठ्यांनी करायचा असतो. तशी पद्धत आहे. तुझा मी घेतला. तू जेव."

रेवाने विचार केला. "पण तुझा सोमवार तुझ्या मुलाचा आहे."

"असू दे की. तुझ्या बाबांनापण घेईन त्यात. मोठा असतो सोमवार."

"नाही. एकात दोन बोटी नको. सेपरेट पाहिजे."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"बरं, सेपरेट. मंगळवार घेऊ?"

"बुधवार," रेवा म्हणाली. "बुधवारी बाबांचा फोन येतो."

मावशी गप्प झाल्या. रत्नागिरीत राहणाऱ्याला हे गप्प होणं सांगावं लागत नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार असेही बिनमासळीचे. बुधवार म्हणजे मासळीचा वार. सोमवारचा उपास सोडून मंगळवार कसाबसा काढायचा, तो बुधवारच्या आशेवर.

"गुरुवार नाही चालणार?" मावशींनी विचारलं. "गुरुवार पण चांगला वार."

"नाही."

"गुरुवारी तर माझं पोटपण..."

"मावशी, बुधवार."

मावशींनी एक मोठा श्वास घेतला. "बरं. बुधवार घेतला. बाबा येईपर्यंत."

"चीटिंग करणार नाहीस ना?"

"वीस वर्षांत एक सोमवार नाही सोडला, विचार कोणालापण. खा आता."

रेवाने डबा उघडला. घावणे होते. पहिला तिने इतक्या घाईने खाल्ला, की मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "हळू गो, कोण पळवत नाही." तीन महिन्यांच्या सोमवारांची भूक असेल. मावशी समोर उपाशी बसून बघत होत्या. तो त्यांचा स्वतःचा सोमवार होता.

मला वाटलं होतं, त्या रेवापुरतं बोलल्या. पण बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. घरी जाताना नेहमीचा मासळीबाजाराकडचा रस्ता सोडून त्या लांबच्या वाटेने जायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, तिला काय कळणार आहे? घरी जाऊन जेवा." तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. "तिला नाही कळणार. पण मी सांगितलंय ना तिला."

आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहायचं त्यांचं वय नव्हतं. एका बुधवारी रेवाला त्या स्वतःच डोकं धरून बाकावर बसलेल्या दिसल्या. ती आत गेली. त्यांचा हात हातात घेतला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "हां, बोल आता."

"माशाचं दुखतंय गो," मावशी म्हणाल्या.

"किती?"

"बांगड्याएवढं."

"मग दहा मिनिटं पड," रेवा म्हणाली. तिने त्यांना दोन पेले पाणीही पाजलं. डॉक्टरांना मी हे सगळं नंतर सांगितलं तेव्हा ते हसले, आणि मावशींना बुधवारी निदान दूध आणि केळं खायला सांगा म्हणाले. मावशींनी दूध मान्य केलं. केळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

रेवाचं डोकं दुखणं पूर्ण थांबलं नाही. थांबणार नव्हतंच. पण होड्या महिन्याला एक-दोनच राहिल्या. दुखलं की ती हात वर करून सांगायची, आणि कोणी हसायचं नाही. मॅडमनीसुद्धा एकदा आपल्या केबिनचा पंखा लावून तिला तिथे झोपू दिलं.

जानेवारीत बाबा आले. आल्याच्या आठवड्यात, बुधवारीच, रेवा त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन आली. उन्हाने रापलेला, संकोची माणूस. हातात स्टीलचा डबा. रेवाने तो मावशींच्या मांडीवर ठेवला. "बाबा आले. संपलं. खा."

आत तळलेली सुरमई होती. शाळेत मांसाहारी डबा चालत नाही. मावशींनी एकदा दाराकडे बघितलं आणि पहिला तुकडा मोडला. वास जिन्याने वर गेला असणार, कारण मॅडम खाली आल्या. दारात थांबल्या, आत बघितलं, आणि पुढच्या वर्गात काहीतरी काम आठवल्यासारख्या निघून गेल्या. रेवाचे बाबा उभेच होते. "तुम्ही माझ्यासाठी..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मावशी म्हणाल्या, "काटा बघू दे आधी."

एप्रिलमध्ये मावशी निवृत्त झाल्या आणि अंजनवेलला सुनेकडे, नातवंडांकडे राहायला गेल्या. निरोप समारंभात त्यांना शाल दिली. त्यांनी ती घरी नेली नाही, बाकावर गोधडीच्या खाली घालून ठेवली. बाक टोचतो म्हणाल्या.

जून आला. रेवा दुसरीत गेली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात भेटली तेव्हा तिने सांगितलं, "टीचर, बाबा परत गेले. आता फेब्रुवारीत येणार." एवढंच सांगितलं, उपासाचं काही बोलली नाही. मीही नाही विचारलं. पण पुढचे दोन सोमवार मी मुद्दाम दुसरीच्या वर्गावरून गेले. ती जेवत होती. सगळा डबा, शेवटी बोटं चाटूनपुसून.

मी स्वतःहून कोणाला फोन करणारी नाही. त्या आठवड्यात केला. बुधवार होता, दुपारची दीडची वेळ.

"काय गो बाय, कशी आहेस?" मावशींचा आवाज जरा लांबून आल्यासारखा होता. मागे कोणाची तरी भांडी वाजत होती, पोरं ओरडत होती, काहीतरी तळलं जात होतं.

"बरी आहे. तुम्ही जेवलात का?"

"चहा घेतलाय."

"नुसता चहा?" मी विचारलं.

"रेवाच्या बाबांची बोट सुटली म्हणे. तिच्या आईचा फोन होता," मावशी म्हणाल्या. "आणि रेवा? डबा खाल्लान काय तिने?"

"खाल्ला. सगळा."

"मग झालं," त्या म्हणाल्या.